वाट्याने केलेली जमीन आणि बिनकठड्याची विहीर

करमाळ्याला कमलादेवीच्या दर्शनाला आलेला माणूस शहाण्णव पायऱ्यांची बारव पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. देऊळ अठराव्या शतकातले, रावरंभा निंबाळकरांनी उभारलेले. हे निंबाळकर म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या पदरचे मराठा सरदार. बारवेत पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरायचे आणि पायऱ्यांनीच वर यायचे. बांधणाऱ्याने पाण्याचा विचार केला, तसाच पाण्याकडे येणाऱ्या माणसाच्या पायाचाही केला.

गावाबाहेर पडून जेऊरकडे, कंदरकडे किंवा परांड्याच्या शिवेकडे निघालात, की वेगळ्या विहिरी दिसू लागतात. सुरुंग लावून खोदलेल्या, काठावर मुरमाचा ढीग, कठड्याचा पत्ता नाही आणि गाडीवाट अगदी काठाला खेटून गेलेली. दिवसा तिथून जाताना काही वाटत नाही. पण ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, पावसाळ्यात गवताने काठ झाकलेला असतो आणि शेतीची लाइट रात्री येते. मग घरचा कर्ता मोटारसायकल काढतो, मागे बायको नाहीतर मुलगा बसतो आणि पंप चालू करायला निघतो.

आता एवढेच समजा की जमीन त्याची नाही. त्याने ती वाट्याने केली आहे. गाडी त्याची, घाम त्याचा, सातबारा दुसऱ्याचा. एके रात्री गाडी त्या विहिरीत गेली. पाय मोडला, कंबर गेली किंवा माणूसच गेला. भरपाई कोणाकडे मागायची?

गावात उत्तर तयार असते : ‘नशीब त्याचं.’ कायद्याकडे काय उत्तर आहे हे शोधायला निघालो, तेव्हा मला बरेच मागे जावे लागले. हा लेख त्या शोधाचा आहे.

शब्द आधीच वेगळे होते

मालक, कब्जा, ताबा, हक्क, दावा, नुकसान हे आपले रोजचे शब्द अरबी-फारसीतून आले. दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरातून ते चावडीवर उतरले आणि चावडीवरून घराघरांत गेले. आज ते बोलताना कोणाला परके वाटत नाहीत. यात एक बारकी गोष्ट आहे. ‘मालकी’ आणि ‘कब्जा’ हे दोन शब्द आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. मालकी एकाची असू शकते, कब्जा दुसऱ्याचा. जमिनीवरच्या अपघाताचा सगळा गुंता या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आहे.

जुन्या फिकहच्या ग्रंथांनी ही फट ओळखली होती. बाराव्या शतकात मध्य आशियातल्या बुरहानुद्दीन मर्गिनानी यांनी ‘हिदाया’ लिहिला. हिंदुस्थानातील मदरशांत तो शतकानुशतके शिकवला गेला. चार्ल्स हॅमिल्टनने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १७९१ साली निघाले आणि कंपनीच्या न्यायाधीशांच्या टेबलावर जाऊन बसले. या ग्रंथात रहदारीच्या वाटेवर खोदलेल्या विहिरीची चर्चा आहे. वाटेवर विहीर खोदली आणि कोणी पडून मेला, तर खोदणाऱ्यावर जबाबदारी येते. स्वतःच्या मिळकतीत खोदली, तर ती येत नाही. म्हणजे विहीर कुठे आहे आणि तिथे येण्याचा लोकांना हक्क आहे का, हा पहिला प्रश्न.

दुसरी चर्चा कललेल्या भिंतीची. भिंत कलली आहे, पडेल, ती उतरवून घे, असे मालकाला बजावले, उतरवायला पुरेसा वेळ दिला, तरी त्याने काही केले नाही आणि भिंत कोणाच्या अंगावर पडली, तर मालक जबाबदार. बजावले नसेल तर नाही. आणि हे बजावणे कोणाला करायचे? ज्याच्या हातात भिंत उतरवण्याचा अधिकार आहे त्याला. भाडेकऱ्याला सांगून उपयोग नाही, कारण दुसऱ्याची भिंत पाडण्याचा अधिकार त्याला नाही.

आठशे वर्षांपूर्वीच्या या विचारात तीन कसोट्या सापडतात : जागा कोणती, धोका माहीत होता का, आणि तो दूर करण्याची ताकद कोणाच्या हातात होती. करमाळ्याच्या शिवारातले तंटे काही ‘हिदाया’ उघडून मिटत नव्हते. ते गोतसभेपुढे मिटत, महजर होई, त्यावर पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि कित्येकदा काझी यांच्या निशाण्या पडत. पण या तीन कसोट्या कोणत्याही शहाण्या पंचाला सुचतील अशाच आहेत.

भीमेपलीकडून आलेली मोजणी

मराठा अमदानीत जमीन कसणारे दोन प्रकारचे होते. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेचा हक्क असलेला, आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा, ज्याला उठवता येत असे. इंग्रज आले आणि त्यांनी रयतवारीसाठी जमिनीची मोजणी सुरू केली. मुंबई इलाख्यात ज्या मोजणीचा पुढे नमुना झाला, ती गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात केली. इंदापूर म्हणजे करमाळ्याच्या समोरचा, भीमेपलीकडचा तालुका.

या मोजणीने प्रत्येक नंबराला एक खातेदार दिला. सरकारला सारा कोण भरणार एवढेच हवे होते. त्या खातेदाराच्या हाताखाली कोण कसतो, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. कूळ कागदावरून नाहीसे होण्याची सुरुवात तिथे झाली.

इजा आणि नुकसानभरपाईच्या कायद्याचे तर पुस्तकच झाले नाही. करार, पुरावा, फौजदारी गुन्हे, मिळकतीचे हस्तांतरण या सगळ्यांचे कायदे एकोणिसाव्या शतकात झाले. दिवाणी अपकृत्यांसाठी फ्रेडरिक पोलॉक या इंग्रज कायदेपंडिताने १८८६ साली मसुदा तयार करून दिला, तो कधी मंजूर झाला नाही. न्याय, समता आणि सद्विवेक यांना धरून निकाल द्या, असे न्यायालयांना सांगितले होते. १८८७ साली प्रिव्ही कौन्सिलने त्याचा अर्थ लावला : इथल्या परिस्थितीला लागू पडत असतील तर इंग्रजी कायद्याचीच तत्त्वे.

आणि इंग्रजी तत्त्व त्या काळी जमीनमालकाच्या बाजूचे होते. मोडकळीला आलेले घर भाड्याने देणे हा काही गुन्हा नाही, असे तिकडचे न्यायाधीश म्हणत. कुळाने डोळे उघडे ठेवून घ्यावे. १८६८ साली मात्र एक वेगळा निकाल लागला. आपल्या जमिनीवर पाण्याचा साठा करणाऱ्याने तो फुटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर निष्काळजीपणा नसला तरी भरून द्यावे, असे तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले. हेच तत्त्व सहा वर्षांनी मद्रासच्या एका जमीनदाराच्या फुटलेल्या तलावांना लावावे म्हणून रेल्वे कंपनी प्रिव्ही कौन्सिलपुढे गेली आणि हरली. या देशात तलाव राखणे हे जमीनदाराचे लोकांप्रती कर्तव्यच आहे, तो निष्काळजी होता हे सिद्ध करा, असे कंपनीला सांगण्यात आले.

१८८२ चा मिळकत हस्तांतरण कायदा भाडेकऱ्याला थोडा आधार देतो. त्याच्या १०८ व्या कलमानुसार, मालकाला माहीत असलेला पण भाडेकऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष मालकाने उघड केला पाहिजे. वाचून बरे वाटते. मग पुढे ११७ वे कलम येते : या प्रकरणातल्या तरतुदी शेतीच्या पट्ट्यांना लागू नाहीत, सरकारने अधिसूचना काढून लागू केल्या तरच. म्हणजे पुण्यातल्या दुकानाच्या भाडेकऱ्याला जे संरक्षण, ते करमाळ्यातल्या वाटेकऱ्याला आपोआप मिळत नाही.

१९५७ : एकाच वर्षी दोन प्रश्न

स्वातंत्र्यानंतर कुळाचा प्रश्न ऐरणीवर आला. १९३९ च्या पहिल्या कूळकायद्यानंतर १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. १९५६ च्या दुरुस्तीने त्याला दात फुटले. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. विधवा, अज्ञान मुले आणि सैनिक यांच्या जमिनींसाठी वेगळी मुदत होती. शेजारचा परांडा तालुका निजामाच्या राज्यातून आलेला, तिथे हैदराबादचा १९५० चा कूळकायदा चालू राहिला. एका बांधाच्या दोन बाजूंना दोन कायदे. पण दिशा एकच : कसेल त्याची जमीन.

याच १९५७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने दुसरा कायदा केला. जागेचा ताबा ज्याच्याकडे आहे, त्याने तिथे रीतसर येणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असे त्यात सांगितले. पुढे १९७२ साली, दुरुस्तीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्या घरमालकावरही कर्तव्य घातले.

आपण विचारले, जमीन कोणाची? त्यांनी विचारले, जमिनीवर माणसाला लागले तर कोण बघणार? आपला प्रश्न आपल्यासाठी कितीतरी मोठा होता आणि तो विचारला हे योग्यच झाले. लाखो कुळे मालक झाली. जो मालक झाला, त्याने आपल्या विहिरीला कठडा बांधावा की नाही हा त्याचा प्रश्न. पण दुसरा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही. त्याचे उत्तर देणारा वेगळा कायदा आजही आपल्याकडे नाही.

भीतीने पुसलेले नाव

पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने दुसरा प्रश्न अधिक अवघड करून ठेवला. कृषक दिनानंतर नव्याने कूळ लावले, तरी त्याला वर्षाच्या आत जमीन विकत घेण्याचा हक्क सांगता येतो, अशी कायद्यात तरतूद आहे. ती गावोगाव पोहोचली ती भीतीच्या रूपाने : ‘कागद केलास तर जमीन गेली.’

तेव्हापासून व्यवहार तोंडी झाला. निम्म्या वाट्याने, बटईने, खंडाने, नावे कोणतीही असोत, लिहून कोणी देत नाही. मालक पुण्याला नोकरीला, जमीन गावातल्या कोणाकडे तरी. मालकाखेरीज दुसरा कसत असेल तर त्याची नोंद करायला गाव नमुना ७-ब आहे, पण तिथे नाव लागू नये याचीच सगळी काळजी. २०२१ पासून ई-पीक पाहणीही खातेदाराने आपल्या मोबाइलवरून करायची असते. वाटेकऱ्याचे नाव कुठेच उमटत नाही.

वाटेकऱ्यालाही यात वावगे वाटत नाही. जमीन मिळते आहे, तोंड कशाला वाईट करा? त्याला किंमत कळते ती दवाखान्यात. ज्या नात्याच्या आधारावर भरपाई मागायची, ते नातेच कागदावर नाही. मालक सहज म्हणू शकतो, हा माझ्या शेतात कशाला आला होता ते मला माहीत नाही. जमीन वाचवण्यासाठी वाटेकऱ्याचे नाव पुसले, आणि त्याबरोबर त्याच्या हातापायांचा हिशेबही पुसला गेला. मला या सगळ्या इतिहासाचे सार एवढेच दिसते.

गाडी आली, विमा आला, तरी

सायकल आणि बैलगाडीच्या काळात विहिरीच्या काठावरची वाट तितकी घातक नव्हती. बैल काठ ओळखतो. ऐंशीच्या दशकात दुधाच्या किटल्या लटकवलेल्या एम-८० आणि पाठोपाठ हिरो होंडा बांधाबांधावर दिसू लागल्या. वेग वाढला, वाट तीच राहिली. त्यात शेततळी आली, वाटेवर रात्रीतून ताणलेल्या तारा आल्या, पंपाच्या उघड्या केबली आल्या.

गाडी आहे म्हणजे विमा आहे, असे लोकांना वाटते. खोलात गेले की वाटा एकेक करून बंद होतात. खासगी शेतातली वाट ही मोटार कायद्याप्रमाणे ‘सार्वजनिक जागा’ आहे का, हा पहिला अडथळा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा १९८८ च्या निवाडेसंग्रहात छापलेला निर्णय इथे उपयोगी पडतो. जागा खासगी मालकीची असली, तरी तिथे लोकांना मोकळा किंवा नियंत्रित प्रवेश असेल तर ती सार्वजनिक जागा धरता येते, असे त्यात ठरले.

पण हे दुसऱ्या गाडीने धडक दिली तर. स्वतःची गाडी विहिरीत गेली, तर तिचा सक्तीचा विमा चालवणाऱ्याला काही देत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो, २०१८ पासून पंधरा लाखांचा. त्यालाही गाडी स्वतःच्या नावावर हवी आणि लायसन्स चालू हवे. गाडी मेव्हण्याची असेल तर तो विमा कामाचा नाही. मागे बसलेल्या बायकोला सक्तीच्या पॉलिसीचे संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले आहे.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकऱ्यांसाठी राज्याची अपघात योजना आहे. २०२३ पासून तिच्यात विमा कंपनीऐवजी सरकार थेट अनुदान देते : मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गमावल्यास दोन लाख, एक अवयव गमावल्यास एक लाख. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यासाठी. ज्याची स्वतःची गुंठाभरही जमीन नाही, असा वाटेकरी तिच्या बाहेर. उलट ट्रॅक्टर किंवा यंत्राने चालणाऱ्या शेतीवर मजुरीला असलेल्या माणसाला कामगार भरपाईच्या कायद्याचा आधार घेता येतो. मजुराला मालक आहे, खातेदाराला सरकार आहे. मधला वाटेकरी कोणाचाच नाही.

मग उरते काय?

दिवाणी दावा उरतो. इथे त्या जुन्या तीन कसोट्या पुन्हा भेटतात. संपूर्ण शेताचा ताबा वाटेकऱ्याकडे असेल, तर धोका टाळणे त्याच्याही हातात होते, असे न्यायालय म्हणू शकते. पण आपल्याकडे बहुतेक विहिरी सामाईक असतात, पाण्याच्या पाळ्या असतात, वाट चार जणांची असते. जो भाग मालकाने स्वतःच्या किंवा भाऊबंदांच्या ताब्यात ठेवला, त्याची काळजी त्यांनीच घ्यायची, हा युक्तिवाद भक्कम आहे. गाडी जोरात होती, दिवा नव्हता, असे दिसले तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, शून्य होतेच असे नाही. मृत्यू झाला असेल तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली वारसांना दावा करता येतो. त्याची मुदत दोन वर्षांची आहे. दशक्रिया, वर्षश्राद्ध, चाळिसावा होईपर्यंत त्यातला बराच काळ निघून जातो.

तुटलेल्या विजेच्या तारेने अपघात झाला, तर गोष्ट वेगळी. रात्री कारखान्यातून सायकलवर घरी निघालेला एक कामगार पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने मेला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली वीज मंडळाला निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदार धरले. ज्याच्याकडे ताकद, त्याच्यावर भार, हे तत्त्व मंडळाला लागले. शेतातल्या विहिरीला ते इतक्या सरळपणे लागत नाही.

अपघाताच्या आधी करण्यासारखी एक गोष्ट मात्र कायद्यात जुनी आहे आणि कोणी वापरत नाही. सार्वजनिक वाटेलगतच्या विहिरीला, तळ्याला किंवा खड्ड्याला कुंपण घाला, असा हुकूम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा शासनाने खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे १३३ वे कलम होते, १९७३ च्या संहितेतही त्याच क्रमांकावर राहिले आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १५२ वे झाले आहे. शिवरस्ता, पाणंद, गाडीवाट अशा सार्वजनिक वाटेवरच्या विहिरीसाठी ग्रामस्थांनी लेखी अर्ज दिला, तर तो अर्ज म्हणजेच ‘हिदाया’तले बजावणे. त्यानंतर अपघात झाला, तर मला माहीत नव्हते असे कोणालाच म्हणता येत नाही.

मालकाची बाजूही सांगितली पाहिजे. आजचा शेतमालक म्हणजे जुना इनामदार नव्हे. तो दोन एकरांचा धनी, पुण्यात वॉचमन असेल, किंवा नवऱ्यामागे जमीन वाट्याने देणारी एखादी विधवा असेल. तिच्यावर लाखोंचा हुकूमनामा झाला, तर एक घर सावरताना दुसरे कोसळेल. म्हणून सगळा भार तिच्यावर टाका असे मी म्हणत नाही. तिची भीती मात्र दूर करता येईल. २०१६ साली नीती आयोगाच्या हक समितीने शेतजमीन भाडेपट्ट्याचा एक नमुना कायदा सुचवला. मालकी सुरक्षित ठेवून पट्टा लेखी करायचा, म्हणजे कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि मदत मिळेल, असा त्यामागचा विचार. ती हमी कायद्याने मिळाली, की वाटेकऱ्याचे नाव लिहायला कोणाचा हात थरथरणार नाही. आणि नाव लिहिले गेले, की सरकारी अपघात योजनेत त्याला घ्यायला निमित्त उरणार नाही.

तोपर्यंत गुढीपाडव्याला वाट्याचा सौदा ठरवताना बी कोणाचे, खत कोणाचे, लाइटबिल कोणी भरायचे हे जसे बोलून घेता, तसे आणखी एक बोलून घ्या : विहिरीला कठडा कोणी बांधायचा? दगड शिवारातच पडलेले असतात. दोघांनी मिळून चार दिवस घातले, तर कंबरेएवढी भिंत उभी राहते. शहाण्णव पायऱ्या बांधायला कोणी सांगत नाही.